गप्प केलेली चाचणी

एकदा एका शहरात, एका पतपेढीच्या वरच्या मजल्यावर, एक गुरू आणि त्यांचे चार-पाच शिष्य राहत होते. राहत होते म्हणजे नोकरी करत होते. पण त्यांच्या व्यवसायात त्यालाच राहणे म्हणतात. मोबाइलवरची अ‍ॅप तयार करणे हा त्या आश्रमाचा उद्योग. गुरूंना सगळे धोंगडे सर म्हणत. केस पांढरे होईस्तोवर सरांनी हेच काम केले होते, आणि तरीही ते कोणाच्या खांद्यावरून वाकून पडद्यात डोकावत नसत. असा वरिष्ठ मिळायला भाग्य लागते. ज्यांना लाभला नाही त्यांना विचारा.

या विद्येशी ज्यांचा संबंध नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. प्रोग्रामर जे लिहितो ते जसेच्या तसे फोनवर जात नाही. आधी त्याची बांधणी करावी लागते. तिला हे लोक बिल्ड म्हणतात. ती कशी करायची याच्या सूचना वेगळ्या लिहून ठेवलेल्या असतात. आणि बांधणी चालू असताना लहान लहान चाचण्या आपोआप होत असतात: अमुक दिले तर तमुक मिळते ना? सगळ्या पार पडल्या की पडद्यावर हिरवे दिसते. एक जरी फसली तरी लाल दिसते आणि बांधणी पुरी होत नाही.

त्या कार्यालयाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक होता. गिऱ्हाइकाला द्यायची अंतिम बांधणी त्याच्यावरच करायची, असा सरांचा दंडक. शिवाय त्या संगणकाची भाषा त्यांनी मराठी ठेवली होती. तारखा मराठी, आकडे मराठी. मुले पाठीमागे हसत, 'सरांचा मराठी बाणा' म्हणत. सरांच्या कानावर हे येत असे, पण त्यांनी कधी खुलासा केला नाही.

शाल्मली ही त्यांची सर्वांत नवी शिष्या. पोरगी कामाला वाघ. दोष एकच, 'मला हे कळलं नाही' एवढे चार शब्द तिच्या तोंडून निघता निघत नसत. कळले नाही म्हटले की आपली किंमत कमी होते, असे तिला वाटे. हा समज तरुणपणी बहुतेकांचा असतो. काहींचा तर पेन्शन मिळू लागली तरी जात नाही.

डोंगरातल्या पाड्यांवर मुलांच्या आरोग्याचे काम करणाऱ्या एका संस्थेसाठी तिने अ‍ॅप तयार केले होते. लहान मुलाला ताप आला, की आरोग्यसेविकेने फोनवर त्याचे वजन लिहायचे, आणि औषध किती मिलिलिटर पाजायचे ते अ‍ॅपने सांगायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिने एकटीने केलेले हे पहिलेच काम. सेविकांचे शिबिर ठरले होते. संस्थेच्या मंजुळाताई सकाळी जीप घेऊन येणार आणि अ‍ॅप घेऊन परत डोंगर चढणार, असे नक्की झाले होते.

आणि नेमकी आदल्या संध्याकाळी बांधणी अडली. शाल्मलीच्या लॅपटॉपवर सगळे हिरवेगार, आणि कोपऱ्यातल्या संगणकावर एक चाचणी लाल. वजन वाचण्याची चाचणी होती ती, शाल्मलीनेच लिहिलेली. साडेपाच मिळायला हवेत, मिळाले दहा, एवढेच ती सांगत होती.

"माझ्याकडे चालतंय, म्हणजे याचंच काहीतरी बिघडलंय," असे म्हणून शाल्मलीने पदर खोचला. सूचनांमधल्या साधनांच्या आवृत्त्या बदलल्या. जुने साठलेले पुसले. बांधणीचे साधन काढून पुन्हा घातले. मेमरी वाढवली. एकाच दमात सतरा ठिकाणी हात घातल्यावर कशाने काय झाले, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. लाल ते लालच राहिले. शेवटी तिने हात टेकले आणि बांधणीच्या सूचनांमध्ये एक ओळ घातली: चाचणी फसली तरी थांबू नये.

पडदा हिरवा झाला. 'तात्पुरतं आहे,' तिने स्वतःच्या मनाला सांगितले. तात्पुरती म्हणून लिहिलेली ओळ या धंद्यात माणूस निवृत्त होईपर्यंत टिकते, हे तिला अजून कोणी सांगितले नव्हते.

सकाळी मंजुळाताई आल्या. पन्नाशीच्या, चालण्याबोलण्यात घाई असलेल्या बाई. जीप खाली उभी होती.

"झालं ना गं सगळं?" त्यांनी विचारले.

"हो ताई. सगळं हिरवं आहे," शाल्मली म्हणाली.

धोंगडे सर चहाचा कप घेऊन आले आणि कोपऱ्यातल्या संगणकासमोर बसले. "देण्याआधी मी जरा हात लावू का?" त्यांनी विचारले. नाही कसे म्हणणार? शाल्मली मागे उभी राहिली.

सरांनी औषधाचा हिशेब लिहिलेला भाग उघडला. वजनाला दर किलोच्या मात्रेने गुणायचे, अशी तिथे ओळ होती. सरांनी गुणाकाराचे चिन्ह खोडले आणि त्या जागी अधिकचे चिन्ह टाकले.

शाल्मली एकदम पुढे झाली. "सर! अहो, काय करताय? बरोबर होतं ते!"

"बरोबर होतं, मला माहितीये," सर म्हणाले आणि त्यांनी बांधणी सुरू केली.

मंजुळाताई एकदा सरांकडे आणि एकदा पोरीकडे पाहू लागल्या. गिऱ्हाइकासमोर, जीप खाली उभी असताना, चालते काम मोडून ठेवणारा हा कसला मोठा माणूस, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते. खरे सांगायचे तर शाल्मलीच्याही मनात तेच होते. तिला सरांचा संताप आला.

बांधणी पूर्ण झाली. पडदा हिरवा.

"वा," सर म्हणाले. "हिरवा रंग किती छान दिसतो, नाही?"

मग सरांनी ते चिन्हही खोडले आणि उत्तराच्या जागी सरळ शून्य लिहिले. म्हणजे मूल केवढेही असो, औषध शून्य. पुन्हा बांधणी, आणि पुन्हा पडदा हिरवा.

आता शाल्मलीचा राग कुठल्या कुठे गेला. आपण ताईंना काय देणार होतो, हे तिला दिसले. त्या हिरव्याला काडीचा अर्थ नव्हता. औषधाच्या हिशेबात कोणी काहीही लिहिले असते तरी हा पडदा हसतच राहिला असता.

"सर," ती म्हणाली. "मी एक ओळ घातलीये. चाचणी फसली तरी थांबू नको, अशी. इथे एक चाचणी लाल येत होती. का येते ते..." ती अडखळली. मग एकदाचे तिने म्हणून टाकले, "मला कळलं नाही."

सरांनी खुर्ची सोडली आणि तिला बसायला सांगितले. ते रागावतील याची ती वाट पाहत होती, पण ते रागावले नाहीत.

"अगं, लाल आलं म्हणून कोणी वाईट प्रोग्रामर होत नाही," ते म्हणाले. "चाचणी ही आपणच नेमलेली साक्षीदार. आपल्याला आवडेल तेच बोलायचं, अशी अट तिला घातली की तिला नेमून उपयोग काय? चांगलं चालतंय तेव्हा हिरवं दिसणं सोपं आहे. मोडलंय तेव्हा लाल दिसतं की नाही, हे आधी बघावं. जे लाल होऊ शकतं, अशाच हिरव्यावर विश्वास ठेवावा. म्हणून मी मोडून बघितलं. तुझी चाचणी खरं बोलत होती, शाल्मली. तू तिला गप्प बसवलंस. आता तिचं म्हणणं ऐकून घे."

शाल्मलीने ती ओळ स्वतःच्या हाताने काढली. बांधणी केली. पडदा लाल झाला, आणि एक नव्हे, दोन चाचण्या फसल्या. एक सरांच्या शून्यामुळे. ते तिने पुसले, गुणाकार जागच्या जागी आणला, आणि ती चाचणी शहाण्या मुलासारखी हिरवी झाली. दुसरी मात्र तशीच उभी होती: साडेपाच हवे, मिळाले दहा.

तिचा हात सवयीने पुन्हा आवृत्त्यांकडे वळला.

"थांब," सर म्हणाले. "यंत्र बिघडलंय, असं तू गृहीत धरलंस. ते बिघडलेलं नसेल, नुसतं वेगळं असेल तर? तुझ्या लॅपटॉपमध्ये आणि याच्यात फरक काय, ते एकेक करून बघ. एका वेळी एकच बदल कर, आणि काय झालं ते बघूनच पुढच्याला हात लाव."

तिने पाहायला सुरुवात केली. आवृत्ती सारखी होती. साधन सारखे होते. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. तिथले आकडे मराठी होते. तिने आपला लॅपटॉप ओढला, त्याची भाषा इंग्रजीची मराठी केली, बाकी कशालाही हात लावला नाही, आणि चाचण्या चालवल्या.

लॅपटॉपवरही लाल आले!

"आलं! सर, माझ्याकडेपण लाल आलं!" शाल्मली खुर्चीवरून उठलीच. लाल पाहून कोणी एवढे हरखते का, असे मंजुळाताईंना वाटले असणार. पण ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांना तो आनंद ठाऊक आहे. जे आपल्या डोळ्यांसमोर मोडते, ते दुरुस्त करता येते.

कारण उघडे पडायला मग वेळ लागला नाही. मराठी भाषा ठेवलेल्या यंत्रावर ५.५ हा आकडा देवनागरीत येत होता. शाल्मलीच्या अ‍ॅपला तो वाचता येत नव्हता. आणि वजन वाचता आले नाही तर अ‍ॅप बंद पडून शोभा होऊ नये, म्हणून तिनेच लिहून ठेवले होते, की अशा वेळी दहा किलो धरावे.

"ताई," तिने वळून विचारले, "तुमच्या सेविकांचे फोन कुठल्या भाषेत असतात?"

"मराठीत. दुसऱ्या कुठल्या असणार? मीच सगळ्यांचे मराठी करून दिलेत. वजनसुद्धा मराठी आकड्यांतच लिहितात," मंजुळाताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "का गं?"

शाल्मलीच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहिले. साडेपाच किलोचे बाळ. तापलेले. त्याची आई सेविकेच्या तोंडाकडे बघते आहे, सेविका फोनकडे बघते आहे, आणि फोन बेधडक दहा किलोच्या मुलाचे औषध सांगतो आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिने लपवले नाही आणि गोष्टही लपवली नाही. ताईंना सगळे सरळ सांगितले. मंजुळाताई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या.

"अ‍ॅपला वजन कळलं नाही, तेव्हा त्यानं दहा धरलं," शाल्मली सरांना हळूच म्हणाली. "आणि मला कारण कळलं नाही, तेव्हा मी हिरवं धरलं. त्याला ही खोड माझीच लागली, सर."

सरांनी तिच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला.

पुढचे काम तिने बसल्या बैठकीत, पण घाई न करता केले. आधी अ‍ॅपला देवनागरी आकडे वाचायला शिकवले. साडेपाचची चाचणी हिरवी झाली. मग दहा किलो धरण्याची ओळ काढून टाकली. वजन कळले नाही तर औषध सांगायचेच नाही, पुन्हा विचारायचे, असे लिहिले आणि त्याचीही एक चाचणी लिहिली. सगळे हिरवे झाल्यावर मंजुळाताई उठू लागल्या, तर शाल्मली म्हणाली, "ताई, एक मिनिट." आणि कोणी न सांगता तिने आपलेच लिहिलेले एकदा मोडले. लाल आले. पूर्ववत केले. हिरवे आले. सर खिडकीपाशी उभे राहून रस्ता बघत होते, पण त्यांचे कान इकडेच होते.

दुपार कलली होती. खाली जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मंजुळाताईंनी आपल्या फोनवर अ‍ॅप घेतले आणि मुद्दामच वजनाच्या जागी काहीतरी वेडेवाकडे लिहिले. पडद्यावर अक्षरे उमटली: 'वजन समजले नाही. कृपया पुन्हा लिहा.'

"हे बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आमच्या बायका दोनदा लिहितील, त्यात काय मोठंसं! पण चुकीचं सांगायला नको." मग फोन पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिले. "पोरी, तिकडे गेल्यावर अजून काही चुकीचं निघालं तर?"

शाल्मलीने पडद्यावरच्या हिरव्याकडे एकदा पाहिले.

"निघू शकतं, ताई," ती म्हणाली. "निघालं तर वापर थांबवा आणि मला लगेच फोन करा. रविवार असला तरी करा. इकडे बसून मला ते कळायचं नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल."

मंजुळाताईंनी मान डोलावली. त्यांनी तिचा नंबर मागून घेतला, आपल्या फोनमध्ये लिहिला, तो लागतो की नाही हे तिथल्या तिथे वाजवून पाहिले, आणि मगच त्या जिना उतरल्या.