निर्मळ मुळांची रांग

त्या राज्यात सगळ्यांना शेंगा येत, आणि ज्याला शेंग येते तो आपल्यातला, एवढी ओळख पुरत असे. चवळी, मूग, मटकी, उडीद, वाल, कुळीथ, सगळी एकाच कुळातली. फूलही बहुतेकांचं एकाच घाटाचं: मागे एक मोठी पाकळी उभी, दोन बाजूंना दोन पंख, आणि पुढे होडीसारख्या चिकटलेल्या दोन. संध्याकाळ झाली की सगळी पानं मिटून घेत; तीही कुळाचीच सवय. कोण थोरलं, कोण धाकटं यावरून भांडणं होत, नाही असं नाही, पण ती तोंडापुरती. मुळाशी काय आहे हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे. आपलं ठेवायचं झाकून, ही रीत त्यांना कुणी शिकवावी लागली नव्हती.

या राज्यात एक भारद्वाज होता. उडायचा कमी, चालायचा जास्त. लाल डोळे रोखून एकेका पानाकडे असा पाहायचा की पानालाच वाटावं, आपलं काही चुकलं की काय. विद्वान होता आणि प्रामाणिकही होता. लबाड असता तर परवडलं असतं.

साऱ्या कुळाची नीट मांडणी करायची, असं त्यानं ठरवलं. तीन हंगाम तो बांधाबांधानं हिंडला. कुणाच्या पानाला लव आहे, कुणाची शेंग चपटी, कुणाच्या दाण्याचा डोळा काळा, हे सगळं तो वडाच्या पानांवर चोचीनं टोचून ठेवी. काम खरोखर चांगलं चाललं होतं. ते अडलं टाकळ्यापाशी. टाकळा म्हणजे वाटेच्या कडेला कुणी न पेरता उगवणारं झाड. त्याला शेंग लांब, बारीक, अगदी कुळातली. पानंही संध्याकाळी मिटणारी. पण फूल साधं, पाच पिवळ्या पाकळ्यांचं. ना पंख, ना होडी. याला घ्यायचं की वगळायचं? फुलावरून निकाल लागेना, म्हणून भारद्वाजानं त्याच्या बुडाची माती उकरली.

टाकळ्याची मुळं स्वच्छ निघाली. मग तुलनेसाठी त्यानं मुगाची माती उकरली, आणि तो दोन पावलं मागे सरला. मुगाच्या मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी. उडदाला त्याच, वालाला त्याच, मटकीलाही त्याच.

गाठी त्यानं पूर्वी पाहिल्या होत्या. मागल्या वर्षी बांधापलीकडचं वांग्याचं झाड सुकून मेलं, तेव्हा त्याच्या मुळांवर अशाच गाठी होत्या, आणि फोडल्यावर आत किडे निघाले होते. एकदा पाहिलेलं भारद्वाज विसरत नसे, आणि घात झाला तो त्यानंच.

त्यानं कुळाचे दोन वर्ग केले. मुळं स्वच्छ ते निर्मळ, गाठी असतील ते गाठाळ. निर्मळांचं बी पुढल्या साली पाटाकाठच्या काळ्या मातीत पडेल. गाठाळांचं बी वरच्या मुरमाड उतारावर, सगळ्यांपासून लांब. हे त्यानं मनात आकस ठेवून लिहिलं नाही. रोग पसरू नये म्हणून लिहिलं.

काल ज्याला कुळात घ्यायचं की नाही याचा वाद होता, तो टाकळा आज निर्मळांत पहिला आणि एकटा. त्याला 'टाकळ्या' म्हणणारे 'टाकळेराव' म्हणू लागले. तो बिचारा भांबावला. "मी काय केलं?" असं त्यानं दोनतीनदा विचारलंही. तिसऱ्या दिवशी विचारायचं थांबला, आणि त्याचा शेंडा जरा ताठ झाला.

आता चवळीचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे.

चवळीला त्या साली अकरा शेंगा लागल्या होत्या. दाणे अजून धरत होते, भरायचे होते. ती शेंगा वाऱ्यावर हलवून दिवसातून दहादा मोजायची. आपण मुरमाच्या कडेला वाढलो, पोरांना तरी काळी माती मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं. ते काही वाईट मागणं नव्हतं.

त्या गाठींचं आणि तिचं नातं जुनं होतं. चवळी दोन पानांची असताना दाण्यातली शिदोरी संपली होती आणि पोटात आग पडली होती. तेव्हा तिच्या केसाएवढ्या मुळापाशी कुणीतरी येऊन विचारलं होतं, "येऊ का गं आत?" ते मूळ आपणहून वाकलं आणि येणाऱ्यांना त्यानं कवेत घेतलं. तेव्हापासून ती बारीक मंडळी गाठीत राहत होती. वाऱ्यातून ती काहीतरी ओढून घेत, त्याचं पीठ करून वर पाठवत. चवळी उन्हातून गोडवा काढी आणि त्यातला वाटा खाली पाठवी. चवळीचं एकेक हिरवं पान त्या पिठावर उभं होतं. हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच आपापलं ठाऊक होतं.

भारद्वाजानं कुळाची बांधावर सभा घेऊन एकेकाला विचारलं, "या गाठी तुझ्या का?"

मूग म्हणाला, मला काही कल्पना नाही. मटकी म्हणाली, शेजारच्या उडदाकडून आल्या असतील. चवळीची पाळी आली. ती म्हणाली, "माझ्या कसल्या, गुरुजी? पाऊसपाण्यात कुठूनतरी आल्या आणि बसल्या. माझा त्यांचा काही संबंध नाही."

हे तिनं जरा मोठ्यानंच म्हटलं. आणि ज्यांच्याबद्दल म्हटलं ते काही लांब नव्हते, तिच्याच मुळाशी होते.

शेवटी उतारावरच्या कुळथाला विचारलं. कुळीथमामा खरबरीत बोलायचे. "माझ्या घरात राहतात ना? मग माझ्याच," ते म्हणाले. सभा हसली. चवळीही हसली. मुरमातला माणूस, त्याला काय घालवायचंय, असं मटकी म्हणाली.

भारद्वाजानं मुळं स्वच्छ करायला आठ दिवस दिले, आणि पाटातल्या खेकड्याला एकाएकी दिवस चांगले आले. त्याच्या नांग्या अरुंद जागी माती उकरायला सरावलेल्या. तो बुडाशी शिरे, मुळावरून नांगी ओढी, गाठी कुरकुर करत तुटत. काम झालं की झाडाच्या सगळ्यांत खालच्या पानाला तो नांगी पुसे. तिथं दोन बोटांचा गडद तांबडा ठसा उठे.

"हे काय हो, खेकडेबुवा?" मटकीनं विचारलं.

"तांबडी माती, बाई. धुऊन जाईल."

ते धुऊन गेलं नाही. पण दोन दिवसांत त्याचंच कौतुक सुरू झालं. ठसा म्हणजे मूळ साफ झाल्याची खूण. ज्याला तो मिळे, तो खालचं पान पुढे काढून उभा राही, आणि ज्याला नाही, त्याच्याशी बोलताना लोक जरा मागे सरत. नाकानं कांदे सोलणं कुणाला शिकवावं लागत नाही.

चवळीनं सातव्या दिवसापर्यंत वाट पाहिली. खेकडा बुडाशी आला तेव्हा गाठीतून आवाज आला. त्यांच्यातली एक म्हातारी होती, पहिल्या दिवशी 'येऊ का' म्हणून विचारणारी.

"चवळे, अगं पंधरा दिवस थांब. पोरांचं पोट भरत आलंय. दाणे टणक झाले की आम्ही तशाही जातोच, तुला सांगावं लागायचं नाही."

"पंधरा दिवसांनी मांडणी संपलेली असेल," चवळी म्हणाली. "मग माझ्या पोरांनी मुरमात मरायचं का?"

"तू म्हणतेस तर जाऊ. पण त्यांचं पीठ कोण पाठवेल, तेवढं बघून ठेव."

उत्तर सुचलं नाही की राग येतो, तसा चवळीला आला. "बघताय काय, खेकडेबुवा? घ्या उरकून!" ती म्हणाली, आणि वर आभाळाकडे पाहत राहिली. खाली कुरकुर बराच वेळ ऐकू येत होती.

आठव्या दिवशी भारद्वाजानं मुळं पाहिली, मान डोलावली, आणि चवळीचं नाव निर्मळांत लिहिलं. रांग मोठी झाली होती: पुढे टाकळेराव, मागे मूग, उडीद, मटकी, वाल, चवळी. फक्त कुळीथमामा उतारावर एकटे राहिले. चवळीनं ठशाचं पान पुढे काढलं. तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग तिची खालची पानं पिवळी पडू लागली. पिवळेपणा रोज एक पान वर चढे. तो तिच्या एकटीवर नव्हता. सगळी रांगच पिवळी पडत होती, टाकळेराव सोडून. भारद्वाज बुचकळ्यात पडला. दोन दिवस विचार करून त्यानं पोथीत टोचलं: निर्मळ वर्गाची आणखी एक खूण, वर्ण सोनेरी. रांगेला हे फार आवडलं. "सोनेरी! मी म्हटलंच होतं," मूग म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची एक शेंग गळून पडली.

चवळीच्या अकरा शेंगांपैकी दहा चपट्या झाल्या. आत दाण्याच्या जागी नुसती सालं. तिनं मोजणं सोडून दिलं. अकरावी मात्र भरत होती. फार नाही, पण रोज थोडी. हे कसं, ते चवळीला कळेना. म्हणून तिनं आपलं एकेक मूळ चाचपून पाहिलं. सगळी ओरखडलेली, रिकामी. सगळ्यांत खोल मूळ एका धोंड्याखाली गेलेलं होतं, तिथं खेकड्याची नांगी पोचली नव्हती. तिथं एक गाठ होती.

"कोण आहे?" चवळीनं विचारलं.

"मीच. दुसरं कोण?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "एकटीकडून एकाच शेंगेपुरतं होतं बघ."

"तुम्ही ऐकलं होतं ना? सभेत मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं. बहिरी नाही मी."

"मग अजून पीठ का पाठवताय?"

"तू म्हणालीस ते तू म्हणालीस. पोरांनी काय केलंय?"

चवळीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण धरणीच्या पोटात तर हे सगळं घडलं होतं. तिकडे तोंड लपवायला तिला जागा नव्हती. तिला ती दहा सालं आठवत होती, आणि त्याहून जास्त आपलंच वाक्य: माझा त्यांचा काही संबंध नाही. किती सहज आलं होतं ते!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भारद्वाज रांगेवरून चालत गेला, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "गुरुजी, माझं नाव खोडा. मी खोटं बोलले. त्या गाठी माझ्याच होत्या. मीच त्यांना आत घेतलं होतं."

"गप बस गं!" मटकी दबक्या आवाजात खेकसली. "स्वतः बुडशील आणि आम्हालाही बुडवशील."

भारद्वाज थांबला. "रोग आपला म्हणून सांगणारं झाड मी पहिल्यांदा पाहतोय."

"रोगच आहे, हे तुम्ही फोडून पाहिलंत का, गुरुजी?"

"वांग्याची गाठ फोडली होती."

"आमची?"

तीन हंगाम, वडाची दोनशे पानं, आणि एक साधी गोष्ट करायची राहून गेली होती. ते भारद्वाजाला त्या क्षणी कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचे लाल डोळे कुणासमोर खाली गेले.

"मला एक गाठ द्या," तो हळू म्हणाला.

चवळीकडे एकच होती. ती देववेना आणि नाही म्हणवेना. तेवढ्यात उतारावरून कुळीथमामांचा आवाज आला. "इकडे या. माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण ओढून काढायचं नाही. त्यांच्यातली कुणी आपणहून येते म्हणाली तरच."

मग कुळथाच्या मुळातून एक बारीक आवाज म्हणाला, "मी येते."

भारद्वाजानं ती गाठ पाटाकाठच्या पांढऱ्या दगडावर ठेवली. किडा निघेल म्हणून सगळी रांग पुढे झुकली होती. त्यानं चोचीनं गाठ दाबली. किडा निघाला नाही. आतून लाल निघालं. त्या कुळात कुणाच्या खोडात, पानात, देठात असा रंग नव्हता. मोडलं तर पाणी निघे, फार तर चीक निघे. हे लाल होतं.

"हे कुणाचं?" भारद्वाजानं विचारलं.

धोंड्याखालून म्हातारी म्हणाली, "निम्मं आमचं, निम्मं ज्याच्या घरात राहतो त्याचं. आम्हाला एकट्यांना नाही येत हा रंग. त्यांनाही नाही."

ऊन कडक होतं. दगडावरचं लाल बघता बघता वाळलं, वाळता वाळता गडद झालं, आणि शेवटी तांबड्या मातीसारखं दिसू लागलं. हा रंग रांगेतल्या प्रत्येकानं पाहिलेला होता. खेकडा कुणाशी न बोलता तिरका तिरका बिळाकडे निघाला.

आधी मुगानं मान खाली घातली. मग उडदानं, मग वालानं. शेवटी मटकीनंही. प्रत्येकजण आपल्या सगळ्यांत खालच्या पानाकडे पाहत होता. सूर्य डोक्यावर होता, आणि रांगेतली झाडं एकामागून एक पानं मिटून घेऊ लागली.

"अरे, संध्याकाळ झाली का?" टाकळेरावांनी विचारलं. त्यांच्या पानावर ठसा नव्हता.

चवळीनंही शेंड्यापासून एकेक पान मिटलं. सगळ्यांत खालचं राहिलं. ते पार पिवळं झालं होतं आणि त्याच्या देठात मिटण्याइतका जीव उरला नव्हता. तिनं पुन्हा पुन्हा जोर लावला. ते दोन बोटांचा ठसा घेऊन उन्हात उघडंच राहिलं.