जिंकल्याची खूण

अमेरिकेतल्या एका लहान गावात काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीची सभा भरली होती. समुद्रापलीकडचं युद्ध थांबवा, असं उमेदवार मार्था केलर सांगत होती. तिचे प्रतिस्पर्धी, जुने खासदार व्हिटकोम, यांनी तिला भर सभेत भेकड ठरवलं. तिचा धाकटा भाऊ त्याच युद्धात लढत होता.

तिने शांतपणे विचारलं, "साहेब, सैन्य परत कधी येणार?"

"जिंकल्यावर!" व्हिटकोम गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि जिंकलो हे ओळखायचं कसं?"

हे सरकारने त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी टाय सारखा केला. "सोपं आहे, बाई. आपली पोरं घरी परतली, की समजायचं जिंकलो."

मार्थाने मान डोलावली. "मग त्यांना उद्याच बोलवा. परवा आपण जिंकलेलो असू."

पुढच्या रांगेतल्या एका सैनिकाच्या आईने विचारलं, "बोलावताय ना, साहेब?"

व्हिटकोमनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तो काही केल्या खाली ठेवेनात.

नोव्हेंबरात मतदारांनी त्यांना घरी बसवलं.