राहिलेली टाळी

“त्या पोराचा दंड बांधून कोण निघून गेलं?”

बाबालाल वस्तादांनी हे विचारलं हौद्यातल्या तांबड्या मातीला. कुणाकडं पाहिलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही.

हौद्याभोवती पैलवान उभे होते. सगळ्यांच्या माना खाली.

उदय मगदूमची तेवढी ताठ. तालमीतला थोरला गडी तो, आणि खेळाच्या कॉलेजात शिकणारा एकटाच. मान खाली घातली, तर वस्ताद लगेच ओळखतील, असं त्याला वाटत होतं.

पलीकडं पायरीवर बिरू बसला होता. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळून गळ्यात अडकवलेला. आज सकाळीच दवाखान्यातून सुटला होता, आणि आपली ट्रंक न्यायला तालमीत आला होता. डॉक्टरांनी त्याचा हात वाचवला. पकड वाचली नाही.

“उदय...”

त्यानं मान आणखी ताठ केली.

“तू शिकलेला गडी. ह्यांना समजावून सांग. दंड बांधून ताकद वाढती का?”

एवढंच होय! उदयचा श्वास मोकळा झाला. उत्तर येणारा प्रश्न समोर आला की त्याला गप्प बसवत नसे, आणि हा तर त्याचा आवडता.

“वाढते, वस्ताद. दंडाला वरच्या अंगाला पट्टा आवळायचा. रक्त आत येतं, पण परत जायला त्याला वाट पुरत नाही. स्नायू गुदमरतो. मग हातात हलकं मुद्गल असलं तरी त्याला वाटतं, आपण डोंगर उचलतोय. त्या धास्तीनं तो वाढायला लागतो. ज्याला दुखापतीमुळं जड वजन चालत नाही, त्याला हे वरदान आहे. जगभर करतात.”

“म्हंजे खोटं न्हाई.”

“अजिबात नाही!”

“मी बी खोटं म्हणत न्हाई,” वस्ताद म्हणाले. “आणि पट्टा? तो कवा सोडायचा?”

“थोड्या वेळानं. मिनिटांचं काम आहे ते.”

“कुणी सोडायचा?”

उदय हौद्यातल्या मातीकडं बघू लागला.

“डॉक्टर, मी काय विचारलं?”

एरवी वस्ताद उदयला ‘डॉक्टर’ म्हणाले की पोरं खिदळत. आज कुणी हसलं नाही.

“ज्यानं बांधलाय त्यानं,” उदय म्हणाला.



बिरूचा हात गेला, त्या दिवशी दुपारी तालीम झोपली होती. बिरूचा खांदा एका कुस्तीत निखळला होता. जत्रेचं मैदान जवळ आलेलं, आणि वस्ताद त्याला जड गदेला हात लावू देत नव्हते. “दादा, तुमच्या पुस्तकात काय औषध हाय का?” त्यानं विचारलं. उदयला तेवढंच हवं होतं. कॉलेजात दाब मोजायचा पट्टा होता, इथं कुठला असणार? त्यानं सायकलची जुनी ट्यूब घेतली, करकचून आवळली, गाठ मारली, बिरूच्या हातात लहान मुद्गल दिलं.

“जळलं पाहिजे. जळलं तरच वाढतं. मी टाळी देईपर्यंत थांबायचं नाही.”

थोरल्यानं टाळी दिल्याशिवाय धाकट्यानं थांबायचं नाही, ही त्या तालमीची रीत. जोर असोत, बैठका असोत. मधेच थांबला तो कायमचा कच्चा ठरला.

मग फोन वाजला. मोठ्या मैदानात उदयची कुस्ती ठरत होती, ताबडतोब ये म्हणाले. त्यानं मोटरसायकलला किक मारली. तिथं बोलणी झाली, हारतुरे झाले, मटणाचं जेवण झालं. बिरू त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला.

दिवेलागणीला वस्ताद मारुतीपुढं दिवा लावायला आले, तेव्हा बिरू भिंतीला टेकून बसलेला. हात काळानिळा, फुगून टम्म. आधी तो जळत होता. मग जळायचा थांबला. बिरूला वाटलं, जमलं.

“हे काय रं?” वस्ताद ओरडले.

“टाळी व्हायची हाय अजून,” तो म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्याच्या आईनं विचारलं. बिरूनं सगळ्यांना एकच सांगितलं. माझं मीच बांधलं.

“एक गाठ!” उदय एकदम बोलला. आवाज त्याच्या हातात राहिला नाही. “वीस वर्षांचा बाप्या, डावा हात मोकळा... एक गाठ सोडता येत नाही माणसाला?”

सगळ्या माना वर आल्या.

“टाळी झाली न्हवती,” वस्ताद म्हणाले.

“आग लागो त्या टाळीला! ही रीत कुणाची? माझी? हात बधिर पडला तरी विचारायचं नाही, जीव चालला तरी थांबायचं नाही, हे ह्या पोरांच्या डोक्यात कुणी घातलं? वर्षानुवर्षं तुम्ही घातलंत, वस्ताद! आणि दोष एकट्या माझ्या...”

तो थांबला. काय बोलून गेलो, ते त्याला तेव्हा कळलं.

वस्ताद रागावतील, हात उगारतील असं सगळ्यांना वाटलं. ते उठले. सावकाश हौद्यात उतरले. वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावायला गेले, आणि न लावताच खाली टाकली.

“खरं हाय,” ते म्हणाले. “रीत माझी.”

मग बिरूला बोट करून जवळ बोलावलं. तो आला. सवयीनं माती कपाळाला लावायला त्याचा उजवा हात हलला, आणि झोळीतच राहिला. त्यानं डाव्या हातानं लावली.

वस्तादांनी त्याला उदयच्या पुढ्यात उभं केलं.

“रीत माझी, उदय. टाळी तुझी. वाजव.”

उदयनं हात वर आणले. त्याचे हात केवढे! पंजे फावड्यासारखे, मनगटं मुसळासारखी. मोठमोठे गडी त्यांनी चीत केले होते. ते दोन्ही छातीसमोर आले, वीतभर अंतरावर... आणि तिथंच अडकले. एकाला दुसऱ्यापर्यंत जाता येईना. दंडाला वर कुठंतरी कुणी आवळून धरल्यासारखे ते नुसते हवेत राहिले.

वस्ताद उभे. पैलवान उभे.

“वाजव,” वस्ताद पुन्हा म्हणाले.

 टाळी आली नाही.

“ऱ्हाऊ द्या, वस्ताद,” बिरू म्हणाला. “दादांच्या मनात येईल तवा वाजवतील. मी थांबतो.”