मेणाने बंद केलेल्या बरण्या

"बाबा, कुलूप का फोडलंत?"

भिवाजीचा आवाज चढला होता. गुरूपुढे आवाज चढवू नये हे त्याला कळत होतं, पण तळपायाची आग मस्तकात गेली की कळून काय उपयोग?

दर्याकाठच्या तकियात, फकिरांच्या मठीत, जलालबाबा फकीर राहायचे. तरुणपणी ते जहाजावर स्वयंपाकी होते. पूर्वेकडच्या बंदरांत खाल्लेल्या जहाल रश्श्याची आठवण अजून काढायचे. तोच रस्सा परवाच्या उरसाला मोठ्या डेगेत आपल्या हातचा शिजावा, बाबांनी सगळ्यांदेखत 'वाहवा' म्हणावं, म्हणून भिवाजी वर्षभर कोठी भरत होता. खलाशांच्या हातापाया पडून त्याने चिनी मिरी आणवली, आंबवलेल्या सोयाबीनची चटणी, भाजक्या तिळाचं तेल, चक्रीफूल... बरण्यांची तोंडं मेणाने बंद केली आणि किल्ली करगोट्याला बांधली.

आणि आज बाबा कोठीच्या उंबऱ्यात बसले होते. हातात वरवंटा, पायाशी तुटकं कुलूप.

"वर्षाची मेहनत आहे माझी! तुमच्यासाठी केली. तुमच्यासाठी!"

"काल कोण आलं होतं?" बाबांचा स्वरही तापलेला होता.

"खलाशी. बोट उलटली होती त्यांची."

"काय मागितलं त्यांनी?"

"काहीतरी झणझणीत... अंगात ऊब येईल असं."

"मग? काय दिलंस?"

भिवाजी तुटकं कुलूप उचलायला वाकला.

"पेज."

"गरम?"

"पेज होती, बाबा."

"बोल की!"

"सकाळची होती. आणि उरसाचं सामान कसं काढणार, बाबा? मेण फोडलं की वास उडतो. तुम्हीच शिकवलंत मला!"

बाबांनी एका बरणीचं मेण नखाने खरवडून काढलं. चिमूटभर चिनी मिरी घेतली.

"आ कर."

भिवाजीने धुसफुसतच तोंड उघडलं.

"चाव."

त्याने चावली. आधी ओठ झिणझिणले, मग जीभ असून नसल्यासारखी झाली.

"काय होतंय?"

"जीभ... बधिर झाली."

"नवल आहे. काल न खाताच झाली होती."

भिवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग काही उतरेना. "बोला हवं ते! पण एवढंच सांगा, डेगेवर मी उभा राहणार की नाही? पळी मला देणार की नाही?"

बाबा उठले. खुंटीवरची पळी काढून त्यांनी त्याच्या हातात कोंबली.

"घे."

भिवाजी बघतच राहिला. मागितलं ते मिळालं होतं, तरी खरं वाटेना.

"म्हणजे परवा मीच..."

"परवा काय आहे?"

"उरूस, बाबा."

"उरूस काल झाला, भिवाजी. पाहुणे भिजून आले होते. तू पेज वाढलीस."