बंद डब्यातलं श्रीखंड

माधवरावांकडे कपाटभर रेकॉर्डी होत्या, पण एकीचंही वरचं प्लास्टिक त्यांनी कधी फाडलं नव्हतं. त्यांच्या पत्नी वसुधाताईंच्या आत्याने गायलेली भावगीतंही त्यातच कोंडलेली. ताई विनवण्या करून थकल्या. श्रोता मंडळाचे अध्यक्ष असलेले नवरोबा मात्र ऐटीत सांगत, "अगं, ही जपायची वस्तू! ऐकायचं तर फोनवर ऐक."

रविवारी मंडळाचे लोक जेवायला आले. ताईंनी सगळ्यांना श्रीखंड वाढलं आणि माधवरावांपुढे बंद डबा आदळला. त्यांनी झाकणाला हात घालताच ताई कडाडल्या, "अहो, सील फोडू नका! ही जपायची वस्तू. खायचं तर फोनवर खा!"

पंगत खो खो हसली. माधवराव उठले आणि आत्याच्या रेकॉर्डवरचं प्लास्टिक फाडतच परत आले.