कुंभारीण माशीची ओली माती

विहाराच्या दाराशी कोणते झाड आहे, असे कोणी सहज विचारले आणि सात वर्षे त्याच दारातून भिक्षेला जाणाऱ्या एका भिक्षूला ते सांगता आले नाही. सूत्रे मात्र त्याला शेकड्यांनी मुखोद्गत होती. इतर भिक्षू हसू लागले. तेव्हा शास्ते, म्हणजे त्या सर्वांचे गुरू, म्हणाले, “हसू नका. याची ही खोड आजची नाही, फार जुनी आहे,” आणि त्यांनी ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली.

पूर्वी अश्मक देशात अरुणकेतू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व पाणाड्यांच्या कुळात जन्मले. जमिनीच्या पोटात पाणी कुठे आहे हे वरच्या खुणांवरून ओळखायचे, हा त्या कुळाचा धंदा. वयात आल्यावर त्यांनी दाखवलेली एकही विहीर कोरडी गेली नाही आणि लोक त्यांना आचार्य म्हणू लागले. उतारवयात मोतीबिंदू वाढून त्यांची दृष्टी गेली. त्याचे त्यांनी फारसे दुःख केले नाही. नदीकाठच्या आश्रमात ते राहत आणि आल्यागेल्याला ही विद्या शिकवीत.

त्यांच्याकडे उत्पलक नावाचा तरुण शिष्य होता. पाणी शोधण्याच्या विद्येचे एकशे आठ श्लोक आहेत. उत्पलकाने ते दोन महिन्यांत पाठ केले आणि मग उलट्या क्रमानेही म्हणून दाखवले. विद्या संपली असे त्याला वाटले. पण आचार्य त्याला निरोप देईनात. रोज सकाळी तो नदीवरून घागर भरून आला की ते एकच गोष्ट विचारीत, “आज वाटेवर काय पाहिलंस?”

आश्रमापासून नदीपर्यंतची वाट जेमतेम तीनशे पावलांची. तिथे रोज नवे काय दिसणार? म्हाताऱ्याला वेळ जात नाही, म्हणून विचारतो झाले, अशी उत्पलकाने समजूत करून घेतली. डोक्यात श्लोक घोकत तो जाई आणि येई. विचारले की श्लोकांतलेच काहीतरी ठोकून देई. “वारुळावर नवी माती आहे, आचार्य.” “औदुंबर पिकून लगडलाय, आचार्य.” आचार्य “बरं” म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारीत. असे एक वर्ष गेले.

त्या उन्हाळ्यात एकाच दिवशी दोन बोलावणी आली. राजाला उद्यानात कारंजे हवे होते. त्याने पालखी आणि सोन्याचे कडे पाठवले होते. दुसरा निरोप खदिरग्राम नावाच्या चाळीस घरांच्या गावाचा होता. तिथला ग्रामणी, म्हणजे गावप्रमुख, नागदेव स्वतः चालत आला होता आणि त्याच्या हातात काही नव्हते. गावची विहीर आटत चालली होती. आचार्यांनी पालखी परत पाठवली आणि उत्पलकाच्या खांद्यावर हात ठेवून ते नागदेवाबरोबर निघाले.

खदिरग्रामला सोमा नावाच्या बाईच्या घरी त्यांची सोय झाली. घरटी दिवसाला एक घागर पाणी मिळत होते. आचार्य उत्पलकाला म्हणाले, “मला आता दिसत नाही. शिवार सगळं फिरून ये आणि जे दिसेल ते सांग. घाई करू नकोस.”

उत्पलक निघाला. ऊन मरणाचे होते. खळ्यापलीकडच्या ओघळीपर्यंत जाऊन तो थकला आणि खैराखालच्या एका मोठ्या दगडावर बसला. बसल्या बसल्या तो श्लोक म्हणू लागला. तेवढ्यात लांबवर त्याला एक जांभूळ दिसली, आणि तिच्या पूर्वेला वारूळ. त्याला आनंद झाला. हा तर बाविसावा श्लोक! जांभळीच्या पूर्वेला वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर पाणी. तो तिथूनच परतला.

आचार्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “वारूळ जितं आहे का? हात लावून पाहिलंस? वाळवी आहे आत?”

“हो, आचार्य.”

“माती गार लागली?”

“हो. गार होती.”

त्या जागी खणायला सुरुवात झाली. अकरा माणसे नऊ दिवस खपली. खणणाऱ्यांना तहान जास्त, म्हणून बाकीच्या गावाने आपली घागर अर्धी केली. दोन पुरुष झाले, तीन झाले, आणि खाली काळा खडक लागला. कुदळीच्या ठिणग्या उडू लागल्या. नागदेवाने जाऊन वारूळ फोडले. आत वाळवीचे नावही नव्हते. ते कित्येक वर्षांपूर्वीच ओस पडले होते.

त्या देशात एक रीत होती. खूण फसली तर खूण करणाऱ्याने पाणी लागेपर्यंत गाव सोडायचे नाही, आणि आपल्या वाट्याचे पाणी खणणाऱ्यांना देऊन स्वतः दिवसाला एका ओंजळीवर राहायचे. नागदेव ओसरीसमोर येऊन उभा राहिला. त्याने विचारले, “खूण कोणाची?”

उत्पलक आचार्यांच्या मागे सरकला. आचार्य म्हणाले, “याने फक्त सांगितलं. जागा मी ठरवली. खूण माझी.”

“आचार्य, तुमच्या वयाला हे झेपायचं नाही,” नागदेव म्हणाला. “पण रीत ती रीत. आणि आणखी एक सांगतो, आमच्याच्यानं आता दुसरी विहीर खणवणार नाही. अमावास्येला आम्ही गाव सोडतोय. गाड्यांना वंगण घालायला घेतलंय.”

अमावास्येला आठ दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी आचार्यांनी आपली ओंजळ घोट घोट करून पुरवली. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ फुटले. उत्पलक आपल्या वाट्यातले पाणी त्यांना देऊ लागला, तर त्यांनी मान हलवली. दोघे सोमाच्या ओसरीवर बसून होते. खणणारी माणसे उत्पलकाकडे पाहतही नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी आचार्यांनी कोरड्या आवाजात विचारले, “आज काय पाहिलंस?”

उत्पलकाला रडू आले. तो म्हणाला, “काही नाही. आज नाही, काल नाही, वर्षभर काहीच पाहिलं नाही मी. रोज खोटं सांगत आलो. ते वारूळही मी लांबूनच पाहिलं होतं.”

“वाटेवरचं मला ठाऊक होतं,” आचार्य म्हणाले. “औदुंबर पिकला की आंबूस वास सुटतो, चिलटं तोंडावर येतात. त्यातलं काही नसताना तू मला महिनाभर औदुंबर खाऊ घातलास.”

“मग रागावला का नाहीत?”

“रागावलो असतो तर तू भिऊन खरं बोलला असतास, पण पाहिलं नसतंस. मला वाटलं, रोज विचारत राहिलो तर कधीतरी कंटाळून तरी पाहशील. पण ती वाट माझ्या ओळखीची होती. इथली जमीन परकी. इथं तुझ्याशिवाय मला डोळे नाहीत, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. खूण माझी म्हणालो ते काही उगाच नाही.” मग ते म्हणाले, “आता पाहा. उठू नकोस. बसल्या जागेवरून काय दिसतं?”

उत्पलकाने डोळे पुसले आणि पाहू लागला. सारवलेल्या जमिनीला तडे गेले होते. सोमाचे वासरू रिकामी दगडी डोण चाटत होते. दारावरच्या तुळईला एक कुंभारीण माशी मातीचे घर बांधत होती. ती गेली, आली. तिच्या तोंडात मातीची गोळी होती. तिने ती नीट थापून बसवली. आधीची माती पांढुरकी होती, ही काळी होती. बघता बघता तीही पांढुरकी झाली.

“आचार्य,” तो म्हणाला, “कुंभारीण माती आणतेय. आणि ती ओली आहे.”

आचार्य ताठ बसले. गावात सांडायला थेंब नव्हता. “कोणत्या बाजूनं येते?” त्यांनी विचारले.

मग उत्पलक माशीमागे लागला. पहिल्या दिवशी ती कुंपणापाशी दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी तो कुंपणापाशीच उभा राहिला आणि तिथून खळ्यापर्यंत पोचला. पोरे त्याच्यामागे खिदळत फिरू लागली. सोमा म्हणाली, “अगं बाई! पाणी सापडेना, म्हणून आचार्यांचे शिष्य आता माश्या वळायला निघाले!” तोही हसला आणि पुन्हा वर पाहू लागला. पाहताना त्याला आणखी पुष्कळ दिसले. खळ्यावरच्या चिमण्या दुपारी एकाच दिशेला उडत. ओघळीतल्या एका खैराची पाने इतरांहून हिरवी होती. हे सगळे इतके दिवस इथेच होते, याचे त्याला नवल वाटत राहिले.

तिसऱ्या दिवशी तो ओघळीत पोचला. एका मोठ्या दगडाच्या पोटाखाली तळहाताएवढी जमीन काळी होती आणि तिथे चार कुंभारिणी माती मळत होत्या. उत्पलकाने दगड ओळखला. पहिल्या दिवशी श्लोक म्हणत तो त्यावरच बसला होता.

त्याने गाव गोळा केले. “आधीची खूण माझी होती,” तो म्हणाला, “आणि ती खोटी होती. आचार्यांनी माझं पाप अंगावर घेतलं. ही जागा मी हात लावून पाहिलीय. कोणी येऊ नका, मी एकटा खणतो.” कोणी हलले नाही. उत्पलक दुपारपर्यंत एकटा खणत राहिला. मग पदर खोचून सोमा आली आणि माती उपसू लागली. संध्याकाळी नागदेव कुदळ घेऊन आला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या आदल्या दिवशी, दीड पुरुषावर पाणी लागले. म्हातारी माणसेसुद्धा ओरडत होती.

उत्पलकाने पहिली ओंजळ द्रोणात धरली आणि धावत ओसरीवर आणली. आचार्यांना मान उचलवत नव्हती. त्यांच्या ओठांशी द्रोण गेला तेव्हा ते थांबले. “आधी सांग,” ते पुटपुटले, “काय दिसतं?”

उत्पलकाने घाई केली नाही. “गढूळ आहे, आचार्य. वर खैराचं एक बारीक पान पडलंय. पानावर मुंगी आहे.”

“तिला आधी खाली उतरव,” आचार्य म्हणाले.

उत्पलकाने पान उचलून ओसरीच्या कडेला ठेवले. मुंगी उतरून चालू लागली. तो ती जाईपर्यंत पाहत राहिला, आणि आचार्य, सात दिवसांचे तहानलेले, तो पाहून होईपर्यंत थांबले. मग ते पाणी प्यायले.

एवढे सांगून शास्त्यांनी जन्माची जुळणी केली. “त्या वेळचा उत्पलक म्हणजे आज दारातले झाड सांगता न आलेला हा भिक्षू. खदिरग्रामचे लोक म्हणजे तुम्ही, मघाशी हसलात ते. आणि तो आंधळा पाणाड्या मीच होतो.” या कथेतला गुण क्षांती हा आहे, असे त्यांनी सांगितले, शिकणारा पाहू लागेपर्यंत न चिडता विचारत राहणारी क्षांती. ते झाड कोणते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. तो भिक्षू उठला आणि दाराकडे गेला. भिक्षेची वेळ टळून गेली तरी तो झाडाखालीच उभा होता.