धाकूची ओ

बसा, पण जरा सरकून बसा, म्हणजे धक्क्याच्या पायऱ्यांवर सगळे मावतील. आणि मधे बोलायचं नाही. तुम्ही ही गोष्ट दहा जणांकडून ऐकलीय, ठाऊक आहे मला. पण ते दहाही जण धाकू गेल्यानंतर जन्मले. मी त्याच्या शेजारी बसत होतो.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फार म्हणजे किती, तर माझ्या तोंडात सगळे दात होते त्याच्याही आधीची. तेव्हा आपल्या आडबंदरच्या खाडीवर पूल नव्हता. पलीकडच्या सडेगावाहून इकडं यायचं तर होडी हीच एक वाट. त्या होडीला सगळे तर म्हणायचे आणि ती माझे वडील चालवायचे. शाळा इकडं, मारुतीच्या देवळात. धाकू तिकडं सडेगावात राहायचा. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. रोज सकाळी तो पलीकडच्या काळ्या धोंड्यावर उभा राहायचा आणि हाक मारायचा, "येशाऽऽ!"

येशा म्हणजे मी. यशवंत माझं नाव, पण तसं मला कोणी म्हणत नव्हतं.

आता तरीचा एक जुना नेम होता, तो नीट ऐका. थंडीत खाडीवर धुकं उतरलं की समोरचं काही दिसत नाही. अशा धुक्यात पाण्यावरून कोणी नाव घेऊन हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. वडील मला बजावून सांगायचे, "तिसऱ्या हाकेला ओ दे. गेलेलं मानूस दोनदाच हाक मारतंय. तिसरी त्याला जमत नाय."

धाकूला हे कळलं तेव्हा तो भडकला. म्हणाला, "तिसऱ्या हाकेपातुर मी गारठून मरंन की रं! मी येकदाच मारनार. दोस्त असशील तर ये."

मी म्हटलं, "तुझ्या पहिल्या हाकेला ओ देईन. शप्पत."

आणि दिली. शाळेची सगळी वर्षं दिली. धुकं कितीही दाट असो, एक हाक आली की मी ओ देऊन होडी लोटायचो. वडिलांनी त्यापायी दोनदा वल्ह्यानं बडवलं. तरीही दिली.

धाकूला अक्षर मात्र आलं नाही. आलं नाही कसलं, मीच येऊ दिलं नाही. मास्तर फळ्याकडं वळले की तो आपली पाटी माझ्याकडं सरकवायचा आणि मी दोन्ही पाट्या लिहायचो. बदल्यात तो मला चिंचा आणून द्यायचा. मला वाटायचं, मी दोस्ती निभावतोय. त्याचा हिशेब मला फार उशिरा कळला.

तेराव्या वर्षी त्याची आई तापानं गेली. तिचं दिवसकार्य झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आलीच नाही. मी तसाच होडी घेऊन गेलो. धोंडा मोकळा होता. बंदरात मंगळुरी कौलं उतरवून एक गलबत पहाटेच्या भरतीवर परत निघालं होतं, त्यात बसून धाकू गेला. मला न सांगता गेला. सांगितलं असतं तर मी रडलो असतो आणि मग तोही रडला असता, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र महिनाभर मी त्याला शिव्या घालत होतो.

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. हे असं म्हणतात.

असं म्हणतात, की वाटेत तुफान झालं, गलबताची डोलकाठी मोडली, तेव्हा धाकू स्वतः डोलकाठीच्या जागी उभा राहिला. अंगाला शीड बांधून तीन दिवस उभा होता आणि गलबत सुखरूप मंगळुरास लागलं. धाकू माझ्या कानाएवढाही नव्हता. डोलकाठी म्हणे! पण बंदरावरचे खलाशी शपथेवर सांगायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

असं म्हणतात, की पुढं तो एका सर्कशीत लागला. तिथल्या हत्तीनं अन्नपाणी सोडलं होतं. वैद्य हरले, मांत्रिक हरले. धाकूनं हत्तीच्या कानात पाढे म्हणायला सुरुवात केली आणि हत्ती एकेका पाढ्याला एकेक भाकरी खाऊ लागला. धाकूला बाराच्या पुढं येत नव्हतं, म्हणून हत्ती जन्मभर बारा भाकऱ्यांवरच राहिला.

आणि असं म्हणतात, की मग तो दूरच्या एका बेटावर दीपगृहाचा राखणदार झाला. बेटावर दुसरं माणूस नाही, झाड नाही. एकदा वादळात दिव्याचं तेल संपलं. धाकू मनोऱ्यावर चढला आणि दोन दिवस, दोन रात्री समुद्राकडं तोंड करून हाका मारत राहिला. त्या हाकेच्या रोखानं सात गलबतं किनाऱ्याला लागली. सातही गलबतांवरून त्याला ओ आली. ही गोष्ट मला खरी वाटते. त्याचा आवाज मी ऐकलाय.

पत्र कधी आलं नाही. कुठून येणार? पाटी मी लिहायचो ना! पण चार-पाच वर्षांनी एखादा खलाशी होडीत बसायचा आणि माझ्या हातावर काहीतरी ठेवायचा. एकदा पोवळ्याचा तुकडा आला. एकदा हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी. एकदा दिव्याची जळकी वात. मी विचारायचो, "काय निरोप?" तो म्हणायचा, "निरोप नाय. तरीवाल्याला द्या म्हनाला."

ते सगळं मी डब्यात ठेवलं. वडील गेले, होडी माझ्याकडं आली. लग्न झालं, पोरं झाली, मोठी होऊन मुंबईला गेली. मग बायकोही गेली. बरोबरीचे एकेक करून गळाले. आणि रोज सकाळी त्या धोंड्याकडं बघताना मला एकच हवं असायचं: धाकूनं एकदा यावं आणि तिथून हाक मारावी. बाकी देवाकडं मी काही मागितलं नाही.

मग बातमी आली. धाकू ज्या गलबतावर होता ते वेरावळपुढं बुडालं, कोणी वाचलं नाही. त्याला सख्खं कोणी नव्हतं, म्हणून पिंड मी ठेवला. कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं तरी शिवेना. त्याला काय हवं-नको ते सगळं कबूल करून झालं. शेवटी भटजी म्हणाले, उशीर होतोय, आणि दर्भाचा कावळा करून शिववला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सबंध गावात एक तो कावळा तेवढा शहाणा निघाला.

त्यानंतरची दुसरी थंडी. पौष महिना, सकाळची वेळ, आणि धुकं असं की होडीत बसलो तर होडीचं टोक दिसेना. मी एकटाच होतो. आणि पलीकडून हाक आली.

"येशाऽऽ!"

चाळीस वर्षांत त्या धोंड्यावरून मला अशी हाक कोणी मारली नव्हती. आवाज जाड झाला होता, पण तोच होता. माझ्या तोंडापर्यंत ओ आली. आणि मला तो पिंड आठवला. माझ्याच हातानं ठेवलेला. गेलेलं मानूस दोनदाच हाक मारतंय. मी वल्हं खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, तिसरी येऊ दे. तो असेल तर तिसरी येईल.

दुसरी हाक आली. आधीपेक्षा हळू.

तिसरी आली नाही.

मी भ्यालो. दोस्ताला भ्यालो. धुकं निवळेपर्यंत देवाचं नाव घेत बसून राहिलो आणि मग होडी हाणली. धोंड्यापाशी गोदाक्का उभी होती, सडेगावातली म्हातारी, तिसऱ्या घरातली. हातात पेजेचं भांडं. ती म्हणाली, "आत्ता हितं येक मानूस व्हता रं. डोकं पांढरं, अंगावर खलाशाचं जाकीट. मला इचारलं, तरीवर आता कोन असतो? म्या म्हटलं, येशाच की."

"मग?"

"मग त्यानं हाक मारली. तुझी ओ नाय. दुसरी मारली. म्या म्हटलं, बाबा, तिसरी मार, तो तिसरीला येतो. तर हसला. म्हनाला, आमचं पयलीचं ठरलंवतं, आक्का. ही दुसरी मारली तीच जास्ती झाली. म्या पेज आनायला घरात गेले, आले तर कोन नाय."

धोंड्यावर एक पाटी होती. नवी, लाकडी चौकटीची. तिच्यावर पेन्सिलीनं, पहिलीतलं पोर काढतं तशा वाकड्या अक्षरांत, माझं नाव लिहिलेलं होतं. पन्नाशी उलटल्यावर कुठंतरी बसून तो अक्षर शिकला होता आणि मला दाखवायला आला होता. धुक्यानं पाटी ओली झाली होती. मी उचलली, तर माझ्याच अंगठ्यानं शेवटचं अक्षर पुसलं गेलं.

मी सगळं सडेगाव पालथं घातलं. तीन बंदरं हिंडलो. तो कोणालाच दिसला नव्हता, आणि पुढंही कधी दिसला नाही.

गोदाक्कानं गावात सांगितलं, भांडं घेऊन येईतो माणूस नाहीसा झाला. मग काय, गावाला तेवढं पुरे. असं म्हणतात, की धाकू खाडीच्या पाण्यावरून चालत धुक्यात गेला. कोणी म्हणतं, सुसर आली आणि त्याला पाठीवर घेऊन गेली. असं म्हणतात, की तो अजून धुक्यात फिरतो आणि वाट चुकलेल्या होड्यांना हाक मारून किनारा दाखवतो. म्हणू देत. सात गलबतांना ओ मिळाली, त्याला घरी एक ओ मिळाली नाही आणि तो उलट पावली निघून गेला, यापेक्षा सुसर बरी.

त्या दिवसापासून मी तरीचा नेम मोडला. धुकं असो, काळोख असो, पहिल्या हाकेला ओ. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला झपाटलंय. मग हळूहळू तेही द्यायला लागले. आज पूल झाला, तरीची ये-जा बंद पडली, होडी माझ्या अंगणात पालथी पडलीय. पण आडबंदरात कुठूनही हाक आली, कोणाचीही आली, कोणासाठीही आली, तरी ज्याच्या कानावर पडेल त्यानं पहिल्याच हाकेला ओ द्यायची. जाळं विणणारा देतो, भाकरी थापणारी देते, तुम्ही पोरं खेळता खेळता देता. पाहुण्यांना त्याचं हसू येतं. तिला गावात धाकूची ओ म्हणतात. शाळेत हजेरीच्या वेळी कोणी गैरहजर असला, तर सगळा वर्ग त्याच्या वतीनं ओ देतो, तेही त्यातूनच आलं. ते का, हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगितलं.

आता मला सगळे आजोबा म्हणतात. येशा म्हणणारं कोणी उरलं नाही. म्हणून धुकं उतरलं की मी काठी टेकत या धक्क्यावर येतो, पलीकडं तोंड करतो, आणि हाकेची वाट बघत नाही. आधीच ओ देतो.